माळरान पिवळंच असतं!

फोटोखाली 'नो फिल्टर, नो एडिट' असं अभिमानाने लिहिणारी मंडळी हल्ली माझ्या डोक्यात जायला लागली आहेत. आणि त्यांच्याहून जास्त डोक्यात जातात ती दुसऱ्या टोकाची मंडळी. यांच्या हातात कुठलाही फोटो द्या, तोरण्याचा द्या नाहीतर ताडोबाचा, बाहेर येताना तो एकसारखाच दिसतो. गवत पोपटी, आभाळ निळं-जांभळं, ढगांना सोनेरी कडा. पहिले म्हणतात एडिटिंग म्हणजे फसवणूक. दुसरे म्हणतात एडिटिंग म्हणजे एक बटण. माझं म्हणणं असं की दोघेही एकाच आजाराचे पेशंट आहेत. दोघांनाही समोरच्या जागेकडे नीट बघायचा कंटाळा आहे.

मी वाशीम जिल्ह्यातल्या धनजचा. (कारंजा तालुका. पुण्यात 'हे कुठे आलं?' असं विचारलं की मी 'अमरावतीच्या खाली, अकोल्याच्या उजवीकडे' असं हवेत बोटाने नकाशा काढून सांगतो.) सोमवार ते शुक्रवार सर्व्हरला सांभाळायचं आणि शनिवार-रविवार कॅमेऱ्याला, असा माझा दिनक्रम. आमच्याकडे कडे-कपारी नाहीत, समुद्र नाही, वर्षासहलीचे धबधबे नाहीत. काळी माती आहे, पऱ्हाटी आहे, सोयाबीन आणि तूर आहे, मधेमधे बाभळी आणि माळ आहेत, बैलगाडीच्या पांदणी आहेत, आणि या सगळ्याच्या वर फ्रेमचा दोन तृतीयांश भाग खाऊन टाकणारं आभाळ आहे.

म्हणूनच एडिटिंगचा प्रश्न आमच्याकडे जास्त टोकदार होतो. ऑगस्टमध्ये माळशेज घाटात मोबाईल गाडीच्या खिडकीबाहेर धरून डोळे मिटून बटण दाबलं तरी बरा फोटो येतो. धनजला मे महिन्यात तसं करून बघा! म्हणून मी तर म्हणतो, लँडस्केपचं एडिटिंग शिकायचं असेल तर ते अशाच ठिकाणी शिकावं. इथे निसर्ग तुम्हाला ग्रेस मार्क देत नाही.

आधी नो-एडिटवाल्यांचा समाचार घेऊ.

बाबांनो, तुम्ही जो 'जसाच्या तसा' फोटो म्हणता, तो जसाच्या तसा कधीच नसतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते: लाल, हिरवी किंवा निळी. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर या शास्त्रज्ञाच्या नावाने ही रचना ओळखली जाते, १९७६ चं पेटंट आहे. निम्मे ठिपके हिरवे मोजतात, पाव लाल, पाव निळे. फोटोत मात्र प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंग लागतात. उरलेले दोन येतात कुठून? शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून अंदाजाने काढलेले असतात! १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ३ कोटी ६० लाख आकडे लागतात, त्यातले मोजलेले १ कोटी २० लाख, बाकीचे २ कोटी ४० लाख गणिताने भरलेले. म्हणजे तुमच्या 'शुद्ध' फोटोचा दोन तृतीयांश भाग अंदाज आहे, आणि चांगला अंदाज आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर व्हाइट बॅलन्स लागतो, कॉन्ट्रास्ट लागतो, कडा धारदार होतात, डाग पुसले जातात. मोबाईल तर एका क्लिकमध्ये पाच-दहा फोटो काढून एकत्र शिवतो. २०२३ साली एका माणसाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने तो टिपला, तर फोनने त्यात नसलेले खड्डे-डाग भरून दिले! आता हा फोटो 'नो एडिट' म्हणायचा का? त्याच्या मालकाने तर कशालाही हात लावलेला नाही.

थोडक्यात काय, एडिटिंग होतंच. ते तुम्ही करताय की हजारो मैलांवरच्या माझ्यासारख्या कुणा इंजिनियरने आधीच करून ठेवलंय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्या इंजिनियरने धनज बघितलेलं नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांचं उजेड मोजायचं गणित असं असतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार. आता नांगरलेल्या काळ्या वावरासमोर उभे राहा. फ्रेममध्ये बहुतेक काळी मातीच. कॅमेऱ्याला वाटतं, अंधार फार आहे. तो उजेड वाढवतो आणि आमची काळीभोर रेगूर माती राखेसारखी दिसायला लागते. हेच दिवाळीनंतर वेचणीला आलेल्या कपाशीत उलटं होतं. सगळीकडे पांढरं बघून कॅमेरा बिचकतो, उजेड कमी करतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट दिसतो. म्हणजे काळं काळं नाही आणि पांढरं पांढरं नाही. ज्या गावात कापूस आणि काळी माती याच दोन गोष्टी मुख्य, त्या गावाचा 'शुद्ध' फोटो दोन्हीकडून खोटा. तो दुरुस्त करायला एक्सपोजरची पट्टी थोडी इकडे-तिकडे सरकवायची असते. याला फसवणूक म्हणायचं असेल तर चष्मा लावणं हीसुद्धा फसवणूक आहे.

'पण पूर्वीचे लोक असलं काही करत नव्हते,' हा आणखी एक लाडका मुद्दा. करत होते हो! १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. त्या वेळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग इतका झोंबायचा की समुद्र नीट आला तर आभाळ पांढरं फट्ट. म्हणून हा गडी आभाळाची एक काच आणि समुद्राची दुसरी, अशा दोन काचा जोडून एक फोटो छापायचा. ॲन्सेल ॲडम्सचा १९४१ चा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो घ्या. एकाच निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिला, आणि नंतरच्या प्रिंटमधलं आभाळ सुरुवातीच्या प्रिंटपेक्षा कितीतरी काळं आहे. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली, म्हणजे ही कला आपल्यालाही नवी नाही. आणि तालुक्याच्या गावचे फोटो स्टुडिओ आठवा. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करून देवीचे व्रण घालवणारे आणि कृष्णधवल फोटोतल्या नवरीच्या शालूला ब्रशने रंग भरणारे कारागीर फोटोशॉपच्या कितीतरी आधीपासून होते.

तेव्हा एडिटिंग करायचं की नाही हा प्रश्न निकालात निघाला असं मी समजतो. आता कसं करायचं ते बघू. यातच खरी मजा आहे, आणि ते अजिबात अवघड नाही. महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. कॉम्प्युटरवर गिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी ही फुकट आहेत, मोबाईलवर स्नॅपसीड आहे. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉ फाईलची सोय असेल तर ती चालू करा. आपल्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे सोर्स कोड आणि जेपीईजी म्हणजे बिल्ड. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपीईजी ताणायला गेलात की आभाळात पट्टे दिसायला लागतात, ते यामुळेच.

क्रम महत्त्वाचा. पहिलं काम खोडायचं. चाळीस फोटो काढले असतील तर एकोणचाळीस बाजूला ठेवा. वाईट फोटोला एडिटिंगने वाचवता येत नाही. धनज साधारण साडेवीस अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लपते. सावली नाही म्हणजे उंच-सखलपणा नाही, ढेकळं नाहीत, धुरे नाहीत, सगळं एखाद्या कागदासारखं सपाट. हे कुठल्याही पट्टीने परत आणता येत नाही. त्यासाठी सकाळी सहाला उठावं लागतं. (हे सगळ्यात अवघड एडिटिंग! :-))

दुसरं, क्षितिज सरळ करा. डोंगराळ भागात क्षितिज वाकडं असलं तरी खपून जातं. आमच्याकडे जमीन आणि आभाळ यांच्यामध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ असते, ती एक अंशाने कलली तरी अख्खं गाव घसरतंय असं वाटतं. ते करतानाच नको असलेला भाग कापा. आभाळात काही घडत नसेल तर त्याला एवढी जागा देऊ नका, आणि ढग उठले असतील तर जमिनीला चतुर्थांश ठेवून बाकी सगळं त्यांना द्या.

तिसरं, व्हाइट बॅलन्स. आपला मेंदू संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातही पांढरं धोतर पांढरंच समजतो. कॅमेऱ्याला ते कळत नाही, मग तो एकतर सगळं पिवळं ठेवतो नाहीतर पिवळेपणा पार धुऊन टाकतो आणि सोनेरी संध्याकाळ ट्यूबलाइटखाली आल्यासारखी दिसते. फोटोत पांढरं काय आहे ते शोधा, कापसाचं बोंड, देवळाची चुन्याची भिंत, आणि त्यावरून अंदाज घ्या. पण पूर्ण पांढरं करू नका. थोडा उजेडाचा रंग त्यावर राहू द्या, कारण तो तिथे होता.

चौथं, हिस्टोग्राम बघायला शिका. ही एक साधी टेकडी असते, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. टेकडी दोन्ही भिंतींपासून लांब, मधेच गोळा झालेली असेल तर तुमचा फोटो धुरकट दिसणारच. काळा बिंदू थोडा आत घ्या, पांढराही थोडा आत घ्या. निम्मे फोटो इथेच सुधारतात आणि लोक विचारतात, 'कुठला कॅमेरा घेतलास?'

पाचवं, आभाळ आणि जमीन यांचा समेट. डोळा आभाळाकडे बघताना वेगळा जुळवून घेतो, जमिनीकडे बघताना वेगळा, आणि आपल्याला वाटतं दोन्ही एकदम दिसलं. कॅमेऱ्याला एकाच झटक्यात दोन्ही टिपायचं असतं. म्हणून हायलाइट थोडे खाली, शॅडो थोड्या वर. यातला 'थोडे' हा शब्द पाठ करा! दुपारी कडूनिंबाखालची सावली इतकी उजळवली की तिथे बसलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता यावीत, तर ती दुपार राहत नाही. ४४ अंशांत त्या सावलीची किंमत काय असते हे वऱ्हाडात राहिलेल्या माणसाला विचारा.

सहावा आणि शेवटचा, रंग. इथेच सगळे घसरतात. सॅच्युरेशनची पट्टी म्हणजे भाजीत तिखट टाकून चव आणायचा प्रकार. ती सगळे रंग एकदम वाढवते. व्हायब्रन्स जरा सभ्य, तो फिक्या रंगांना आधी हात देतो. त्याहून चांगलं म्हणजे एकेक रंग वेगळा हाताळायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा हे नक्की करून बघा. केशरी रंग इतका तीव्र असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनेल भरून वाहतो आणि फुलांच्या जागी नुसता केशरी डाग दिसतो. तिथे रंग वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. मग पाकळी दिसते.

आणि 'डीहेझ' नावाच्या पट्टीपासून सांभाळून. हिवाळ्यात पहाटे वावरावर धुई उतरते, तिच्यासाठीच तर फोटो काढलेला असतो, आणि हे लोक घरी येऊन आधी धुई पुसतात!

झालं. सहा गोष्टी, पंधरा मिनिटं. यापुढे जे आहे ते सवयीने येतं.

आता दुसऱ्या टोळीकडे वळू. प्रीसेटवाले.

गेल्या दिवाळीत माझा एक मित्र सुट्टीत आमच्या घरी आला होता. हौशी माणूस, कॅमेरा माझ्यापेक्षा भारी. त्याने आमच्या काकांच्या वावराचा फोटो काढला आणि विकत घेतलेला कुठलातरी 'मॉन्सून मूड' प्रीसेट लावून संध्याकाळी कौतुकाने काकांना दाखवला. काकांनी मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "कोन्या गावचं वावर होय हे? गवत सावनातलं अन् कापूस दिवाळीतला, असं वावर म्या तं कुठी नाही पाह्यलं."

मला वाटतं फोटो एडिटिंगवरचं इतकं अचूक परीक्षण मी कुठल्याही महागड्या कोर्समध्ये ऐकलेलं नाही. बोंडं फुटतात तेव्हा धुऱ्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. प्रीसेटला हे माहीत नाही. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की पिवळा दिसला की हिरव्याकडे ढकलायचा. ज्याने तो बनवला त्याने आपल्या हिरव्यागार डोंगरासाठी बनवला, तिथे तो ठीकही असेल. आमच्याकडे त्याने दोन ऋतू एका फ्रेममध्ये कोंबले. न वाचता इंटरनेटवरून उचललेला कोड प्रॉडक्शनमध्ये टाकला की जे होतं तेच.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'अरे एवढं काय, छान दिसतंय ना?' नाही, एवढंच नाही. माझं खरं भांडण इथे आहे.

पिवळा रंग हा दोष आहे, हे कुणी ठरवलं? माळरान दसऱ्यानंतर पिवळं पडतं कारण तो त्याचा स्वभाव आहे. कुसळी, मारवेल ही गवतं पावसात वाढतात, बी धरतात, वाळतात आणि पुढच्या पावसाची वाट बघत उभी राहतात. ते मेलेलं नसतं. आमच्याच तालुक्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. काळवीट मोकळ्या माळावरचा प्राणी. लांबवर नजर जावी आणि सुसाट पळता यावं, हे त्याचं संरक्षण. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. वाशीम-अकोल्याच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर दिसल्याच्या नोंदी आहेत. भारतातल्या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांपैकी हा एक, आणि त्याला उंच गवतच लागतं. हिरवीगार झाडं लावून त्याचं भलं होत नाही.

आणि कागदोपत्री या जमिनीला काय म्हणतात? सातबाऱ्यावर पोटखराब. महसुलात ई-क्लास. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र मिळून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात, २०१९ ची आवृत्ती आहे, त्यात झुडपी जमीन आणि खालावलेली कुरणं 'वेस्टलँड' या सदरात मोडतात. वेस्ट, म्हणजे वाया गेलेली! परिसंस्थांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत की गवताळ माळ ही स्वतंत्र, जिवंत परिसंस्था आहे, तिला पडीक म्हणू नका. पण एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. कारखाना आणा, सोलर पॅनेल अंथरा, नाहीतर खड्डे खणून वृक्षारोपण करा आणि उद्घाटनाचा फोटो काढा.

आता मला सांगा, जो माणूस संगणकावर बसून माळाचा पिवळा रंग पुसून हिरवा करतो, तो यापेक्षा वेगळं काय करतो? तोही हेच म्हणतोय की ही जमीन आहे तशी बघण्यालायक नाही. फक्त त्याने ते सातबाऱ्यावर लिहिलं नाही, स्लायडरने लिहिलं. आपण शहरात राहणारी, शिकलेली, कॅमेरे परवडणारी मुलं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, तो आमच्या कारंजाजवळून जातो, आणि त्यावरून ताशी १२० ने जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंचा विदर्भ 'काहीच नाही' असा दिसतो. त्यांना तिथे काय आहे हे दाखवायची संधी फक्त फोटो काढणाऱ्यांच्या हातात आहे. आणि आपण दाखवतो काय, तर नकली कोकण!

दुसरं नुकसान विश्वासाचं. लोणार आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. खरोखर गुलाबी. नासाने उपग्रहातून टिपलेली आधीची आणि नंतरची चित्रं प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं सांगितलं. मीठ वाढलं, पाणी घटलं, आणि या जिवांची चंगळ झाली. पण बातमी आली त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय होती? 'सॅच्युरेशन जरा जास्त झालंय.' दुसरी, 'फोटोशॉप शिकलाय कुणीतरी.' त्यांचा दोष नाही. रोज जांभळं आभाळ आणि पोपटी डोंगर बघून बघून त्यांनी रंगावर विश्वास ठेवणंच सोडलं होतं. मग सरोवराने खरोखर रंग बदलला तेव्हा त्याची साक्ष कुणी काढायची? भडक केलेला प्रत्येक फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या फोटोची पत कमी करतो.

'कला म्हणून स्वातंत्र्य नको का?' हवं ना. जरूर घ्या. कृष्णधवल करा, चित्रासारखं रंगवा, माळावर हत्ती उडवा. कृष्णधवल फोटो उघड सांगतो की मी रंग सोडून दिलेत, तिथे कुणी फसत नाही. ॲडम्सचं काळं आभाळ म्हणूनच मला खुपत नाही. पण खाली 'आमचं वाशीम' असं लिहायचं आणि वरचं आभाळ २०२० पासून फोटोशॉपमध्ये तयार मिळणारं चिकटवायचं, तर मग ते वाशीम कुठे राहिलं? आभाळ ही आमच्याकडे शोभेची वस्तू नाही. जूनमध्ये त्याच्याकडे बघून पेरणी ठरते. पेरणीच्या तोंडावरच्या कोरड्या आभाळात नकली ढग भरणं हा विनोद त्या शेतकऱ्याला दाखवून बघा.

विजेच्या तारांचंही तेच. सध्या फोनवर बोट फिरवलं की तारा गायब होतात, खांब गायब होतात. मी तारा ठेवतो. आमच्याकडे शेतीची लाईन कित्येकदा रात्री येते आणि माणसं थंडीत, अंधारात ओलित करायला जातात. त्या तारा म्हणजे त्या वावराची अर्धी गोष्ट आहे. प्लास्टिकची पिशवी मात्र मी जरूर काढतो, पण ती फोटो काढायच्या आधी, हाताने.

तर मग मर्यादा कुठे? मी काकांची कसोटी वापरतो. फोटो पूर्ण झाला की स्वतःला विचारायचं: धनजमध्ये जन्म काढलेल्या माणसाला हा फोटो दाखवला तर तो महिना सांगू शकेल का? जमलं तर वेळही? जमीन नांगरलेली आहे, गवत वाळलेलं आहे, तूर फुलावर आहे, सावली लांब आहे, यावरून त्याला 'मार्गशीर्ष, सकाळचे आठ' असं म्हणता आलं, तर तुम्ही पट्ट्या कितीही सरकवल्या असोत, एडिटिंग बरोबर आहे. आणि एकही पट्टी न सरकवता तो गोंधळला, काळी माती राखाडी बघून 'हे आपल्याकडचं नाही' म्हणाला, तर तुमचा नो-एडिट फोटो चूक आहे. ही कसोटी फुकट आहे आणि कोकणापासून मराठवाड्यापर्यंत कुठेही चालते. फक्त तिच्यासाठी त्या जागेचा महिना तुम्हाला स्वतःला ओळखता यायला हवा, आणि ते कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

यंत्रं दिवसेंदिवस हुशार होत जाणार. आज आभाळ बदलतात, उद्या 'या माळावर पाऊस पाड' म्हटलं की पाडतील. त्यांच्याशी माझं वैर नाही, माझं पोटच त्यावर चालतं. पण यंत्र सरासरीवर शिकतं, आणि जगातल्या फोटोंच्या सरासरीत धनजचा पिवळा रंग फारसा नसणार, कारण आपण तो टाकलाच नाही. जो काही टाकला तो हिरवा करून टाकला.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एकच करा. एक फोटो काढा, रॉमध्ये. प्रीसेटची सगळी फोल्डरं बंद ठेवा. क्षितिज सरळ करा, मातीला काळं होऊ द्या, कापसाला पांढरं, आणि गवताला सुखाने पिवळं राहू द्या. मग तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि कुठला महिना ते विचारा.